ठाण्याहून आशिया आणि ओशनिया: सहा-सात महिन्यांच्या प्रवासाची आखणी

दीर्घ परदेशप्रवासाचा विषय घरात निघाला की सर्वप्रथम देशांची यादी तयार होते, आणि यादी करण्यात आनंद असल्यामुळे ती वाढत जाते. प्रस्तुत मार्गदर्शनाचा क्रम नेमका उलटा आहे. कोणत्या महिन्यात आपण कोठे असू आणि भारतीय पासपोर्टवर तेथे किती दिवस राहता येईल, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर आशिया व ओशनियातील मोठा प्रवास सुखाचा होणार की दगदगीचा, हे बहुतांशी ठरते. म्हणून देश निवडण्याआधी बारा महिन्यांचा तक्ता कागदावर मांडावा, त्यात प्रत्येक प्रदेशाचे कोरडे महिने भरावेत आणि मग त्या चौकटीत बसतील तेवढेच देश घ्यावेत. माझ्या मते सहा महिन्यांत सहा ते सात देश पुरेसे होतात. त्याहून अधिक देश घेतल्यास प्रवासाचा मोठा भाग विमानतळांवर आणि सामान बांधण्यात जातो.

पुढील मजकूर नोकरीतून दीर्घ रजा मिळालेल्या, दोन नोकऱ्यांमधील मोकळा काळ हाती असलेल्या किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या ठाणे व नवी मुंबईतील वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. पर्यटन कंपनीबरोबर दहा-बारा दिवसांसाठी जाणाऱ्यांना यातील बराच भाग लागणार नाही.

आधी ऋतू

आपल्याकडील माणसाला निघण्यासाठी सर्वांत सोयीचा काळ दिवाळीनंतरचा, म्हणजे नोव्हेंबरचा. त्या सुमारास थायलंडचा उत्तर भाग, लाओस आणि उत्तर व्हिएतनाम येथील पाऊस ओसरलेला असतो आणि हवा सुसह्य झालेली असते. मात्र ‘आग्नेय आशियात नोव्हेंबर कोरडा’ हे वाक्य सरसकट खरे नाही. ईशान्येकडून येणारे मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, त्यामुळे मध्य व्हिएतनाममधील ह्युए आणि होई आन येथे साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात जोरदार पाऊस पडतो आणि पूरही येतात. थायलंडमध्येसुद्धा दोन किनाऱ्यांचे दोन पावसाळे आहेत. फुकेत आणि क्राबी हा अंदमान समुद्राकडील किनारा मे ते ऑक्टोबर भिजतो, तर थायलंडच्या आखातातील को सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा खरा पावसाळा असतो. आपला कोकणकिनारा आणि तमिळनाडूचा किनारा यांच्या पावसाचे महिने जसे वेगळे, तसाच हा प्रकार आहे. नोव्हेंबरात निघणाऱ्याने म्हणूनच चियांग माई, लुआंग प्रबांग आणि हनोई आधी घ्यावे, होई आन जानेवारीनंतर ठेवावे आणि थायलंडचा समुद्र पाहायचा असेल तर अंदमान बाजूला जावे.

उत्तर थायलंड फेब्रुवारीच्या मध्याआधी आटोपणे इष्ट असते, कारण त्यानंतर एप्रिलपर्यंत शेतातील काड आणि जंगल जाळल्याचा धूर त्या दऱ्यांमध्ये साचून राहतो. दमा असलेल्यांनी हा मुद्दा अजिबात दुर्लक्षू नये. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येणारे चांद्र नववर्ष हा दुसरा अडथळा. व्हिएतनाममध्ये त्या आठवड्यात दुकाने बंद असतात आणि रेल्वेची तिकिटे बरीच आधी संपलेली असतात. गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणात जाणाऱ्या गाडीचे तिकीट मागणाऱ्याला यावर अधिक स्पष्टीकरण नको.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असतात हे सर्वांना माहीत असते, पण आखणीत त्याचा उपयोग क्वचितच केला जातो. न्यूझीलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया येथील उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. डिसेंबरअखेर व जानेवारीत तेथील शाळांना मोठ्या सुट्या असल्यामुळे राहण्याची सोय महाग होते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च मात्र हवा आणि खर्च या दोन्ही दृष्टींनी उत्तम. म्हणजे आग्नेय आशियातून फेब्रुवारीत सिंगापूरमार्गे ऑकलंडला जावे (हा विमानप्रवास सुमारे दहा तासांचा आहे), मार्च न्यूझीलंडमध्ये काढावा, एप्रिलमध्ये टास्मानिया, मेलबर्न आणि सिडनी पाहावे, आणि मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे सरकावे. डार्विनच्या परिसरात नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असतो, अनेक रस्ते पाण्याखाली जातात, आणि त्याच काळात उत्तर किनाऱ्याच्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात. मे महिन्यापासून तोच प्रदेश कोरडा आणि प्रसन्न होतो. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू हा प्रचंड खडक पाहण्यासाठीही मे ते ऑगस्ट हेच महिने योग्य, कारण तेथील जानेवारीत कडक उन्हाळा असतो. (उलुरूवर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे, त्याच्या पायथ्याभोवती चालत फिरता येते आणि ती फेरी अधिक पाहण्यासारखी आहे.)

डार्विनहून बाली विमानाने अवघ्या अडीच तासांच्या अंतरावर आहे. इंडोनेशियाच्या जावा-बाली भागात एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असल्यामुळे मेअखेर किंवा जूनमध्ये तेथे पोहोचणारा प्रवासी योग्य वेळी पोहोचतो. तेथून जावा, सिंगापूर किंवा मलेशिया करून घरी परतता येते. दिवाळीनंतर निघून पावसाळ्याच्या तोंडावर परतणारा हा फेरा मला सर्वांत नैसर्गिक वाटतो, कारण यात प्रवासी जवळजवळ सर्वत्र कोरड्या ऋतूसोबत चालतो.

जूनमध्येच निघण्याची सक्ती असेल तर हाच मार्ग उलटा करावा: आधी इंडोनेशिया, मग ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, दक्षिणेत वसंत येईल तेव्हा सिडनी आणि नोव्हेंबर-डिसेंबरात न्यूझीलंड. जपान या फेऱ्यात ओढूनताणून बसवू नये. तेथे जून-जुलैमध्ये पाऊस, ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळे आणि एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सलग सुट्यांची गर्दी असते. त्यासाठी वेगळी सहल करणे बरे. प्रशांत महासागरातील बेटांवर जायचे असल्यास नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ आहे, हे लक्षात ठेवून मे महिन्यानंतर फिजीला जावे.

व्हिसाचे गणित

पासपोर्टपासून सुरुवात करावी. परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत शिल्लक असणे हा साधा नियम धरावा. सात महिन्यांचा प्रवास असेल तर निघताना किमान तेरा-चौदा महिने मुदत हवी. मुदत कमी असल्यास निघण्याच्या बऱ्याच आधी नूतनीकरण करावे. ठाणेकरांना त्यासाठी वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र जवळ पडते. अर्ज करताना ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका मागता येते, आणि दीर्घ प्रवास करणाऱ्याने ती अवश्य मागावी.

भारतीय पासपोर्टच्या दृष्टीने या भागातील देशांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिल्या गटात फारशी पूर्वतयारी न करता जाता येते. थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांपर्यंत विनाव्हिसा प्रवेश देऊ केला. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सवलत दिली आणि पुढे ती वाढवली. फिजीतही भारतीयांना आधी व्हिसा घ्यावा लागत नाही. इंडोनेशियात विमानतळावर ५ लाख रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. बालीत उतरणाऱ्यांना शिवाय दीड लाख रुपियांचा वेगळा पर्यटनकर भरावा लागतो. आकडे ऐकून दचकू नये, तेथील चलनाला शून्ये अधिक आहेत इतकेच. या सवलती त्या-त्या सरकारच्या मर्जीवर असतात आणि थायलंडमध्ये मुदत कमी करण्याची चर्चा वारंवार होत असते, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचावा. नातेवाइकांचा मागील वर्षीचा अनुभव येथे पुरावा म्हणून धरू नये.

दुसरा गट घरबसल्या मिळणाऱ्या ई-व्हिसाचा. व्हिएतनाम ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देते. त्यात प्रवेशाचे ठिकाण नमूद करावे लागते, आणि नावाचे अक्षर पासपोर्टशी जुळले नाही तर विमानात बसू दिले जात नाही. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी पहिल्या नावात, कधी आडनावाच्या रकान्यात गेलेले असते. पासपोर्टवर ते जेथे छापले आहे तेथेच अर्जात लिहावे.

तिसऱ्या गटात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येतात, आणि खरी मेहनत येथे आहे. दोन्ही देशांचे अर्ज ऑनलाइन भरले जातात आणि पासपोर्टवर काही चिकटवले जात नाही, त्यामुळे ते प्रवासात असतानाही करता येतील असे वाटते. तसे करू नये. बँकेची सहा महिन्यांची विवरणे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, रजेचे पत्र, घराची कागदपत्रे हे सर्व ठाण्यात बसून गोळा करणे सोपे असते आणि लुआंग प्रबांगच्या अतिथिगृहातून अवघड. न्यूझीलंडने २६ मे २०२५ पासून पर्यटक व्हिसासाठीच्या सर्व कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर आवश्यक केले आहे. सातबारा, मराठीतील खरेदीखत किंवा पतसंस्थेचे मराठी पासबुक जोडणार असाल तर अधिकृत भाषांतरासाठी आठवडाभर वेगळा धरावा. किंवा तेवढ्याने अर्जाचे बळ फारसे वाढत नसेल तर ते जोडूच नये.

अर्जासोबत प्रवासाची रूपरेषा देणारे एक पानभर पत्र जोडावे. सहा महिने हिंडणाऱ्या माणसाविषयी अधिकाऱ्याच्या मनात ‘हा परत जाईल का’ हा एकच प्रश्न असतो, आणि त्या पत्राने त्याचे उत्तर द्यायचे असते. नोकरीवर रुजू होण्याची तारीख, घरी असलेले आईवडील किंवा मुले, निवृत्तिवेतन, स्वतःचे घर, आधी केलेले व वेळेत संपवलेले परदेशप्रवास, यांचा उल्लेख साध्या वाक्यांत करावा. खात्यात शेवटच्या आठवड्यात एकाएकी मोठी रक्कम आणून ठेवणे हा आपल्याकडील लोकप्रिय उपाय अर्जाचे नुकसानच करतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हाती आल्यावर त्यातील अटी वाचाव्यात. काहींवर तेथे असताना मुदत वाढवून न देण्याची अट असते.

विमान बदलण्यासाठी थांबणे हा व्हिसाच्या गणितातील लपलेला भाग आहे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या विमानतळावर केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टधारकाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्यामुळे फिजीला जाण्यासाठी व्हिसा लागत नसला तरी सिडनीमार्गे जाणारे स्वस्त तिकीट व्हिसाशिवाय निरुपयोगी ठरते. हाती ऑस्ट्रेलियाचा अनेक प्रवेशांचा पर्यटक व्हिसा असेल तर हा प्रश्न उरत नाही. न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सच्या अखत्यारीत असले तरी युरोपचा शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही, त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तिशीपर्यंतच्या तरुणांनी आणखी एक वाट पाहून ठेवावी: ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ पासून भारतीयांसाठी काम आणि सुटी यांचा एकत्रित व्हिसा सुरू केला असून १८ ते ३० वयोगटातून दरवर्षी १,००० जणांची निवड सोडतीने होते. म्हाडाच्या सोडतीप्रमाणे येथेही नशीब लागते, पण लागले तर प्रवासाचा खर्च तेथेच कमावता येतो.

व्हिसाखेरीज प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म वेगळे असतात. थायलंडने मे २०२५ पासून डिजिटल प्रवेशपत्र सक्तीचे केले. सिंगापूर, मलेशिया आणि न्यूझीलंड यांचेही असे फॉर्म आहेत. हे फॉर्म सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य असतात. पैसे मागणारे पान उघडले असेल तर ते चुकीचे पान आहे.

जमिनीवरून जाताना

विमानाने देश बदलत राहणे महाग पडते आणि कंटाळवाणेही होते. आग्नेय आशियात रेल्वे आणि बस यांचा भरपूर उपयोग करावा. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने लाओसची राजधानी व्हिएन्टियान येथे जाता येते. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या लाओस-चीन रेल्वेमुळे व्हिएन्टियान ते लुआंग प्रबांग हे पूर्वी डोंगरातून दिवसभर चालणारे अंतर आता सुमारे दोन तासांत पार होते. वेळ असेल तर थायलंडच्या सीमेवरील हुआय साय येथून मेकाँग नदीतून लाकडी बोटीने दोन दिवसांत लुआंग प्रबांगला उतरावे, आणि रेल्वे परतीसाठी ठेवावी. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो ची मिन्ह शहर हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे. तो एका दमात न करता ह्युए आणि दा नांग येथे उतरत करावा, कारण या दोन गावांमधील हाय व्हान खिंडीचा तुकडा हाच त्या मार्गाचा सर्वांत देखणा भाग आहे.

थायलंड व कंबोडिया यांच्यातील जमिनीवरील सीमा २०२५ च्या संघर्षात बंद झाल्या. कंबोडियातील अंगकोरची मंदिरे पाहायची असल्यास मार्ग ठरवताना तेथील ताजी स्थिती पाहावी, आणि शंका असेल तर व्हिएतनामकडून किंवा विमानाने जावे. भारतातून म्यानमारमार्गे रस्त्याने थायलंड गाठण्याचे स्वप्न पाहणारे अनेक जण भेटतात. सध्याच्या परिस्थितीत ते सोडून द्यावे.

ऑस्ट्रेलियाचे आकारमान नकाशावर लक्षात येत नाही. तो देश भारताच्या दुपटीहून मोठा आहे आणि सिडनी ते पर्थ हा रेल्वेमार्गच ४,३५२ किलोमीटरचा आहे. महिनाभरात संपूर्ण ऑस्ट्रेलिया पाहण्याचा बेत केल्यास केवळ महामार्ग पाहून होतात. एक कोपरा निवडावा. न्यूझीलंडचे मात्र उलटे आहे: वेलिंग्टनहून पिक्टनला साडेतीन तासांच्या फेरीबोटीने जाऊन दोन्ही बेटे तीन-चार आठवड्यांत नीट पाहता येतात. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी मिलफर्डसारख्या पायवाटांवरील झोपड्यांचे आरक्षण सुरू होताच करावे, कारण ‘शनिवारी ठरवले आणि रविवारी राजमाची’ ही पद्धत तेथे चालत नाही.

फराळाचा डबा आणि बुटांचा चिखल

दिवाळीनंतर निघणाऱ्याच्या पिशवीत फराळ असणारच, आणि यासाठी हा भाग काळजीपूर्वक वाचावा. अनारशांना आणि बऱ्याच घरी करंजीच्या सारणालाही खसखस असते. सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. तेथे नुसते विमान बदलून पुढे जायचे असले तरी खसखशीचे पदार्थ घरीच संपवून निघावे. सिंगापूरमध्ये आणि थायलंडमध्ये ई-सिगारेटही नेता येत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे नियम वेगळ्या कारणाने कडक आहेत. आपल्या गुराढोरांमध्ये आढळणारा लाळ्या-खुरकूत रोग तेथे नाही, आणि तो येऊ नये यासाठी भारतातून येणारे दूध व दुधाचे पदार्थ ते अडवतात. पेढे, बर्फी, गुलाबजाम यांना ऑस्ट्रेलियात प्रवेश नाही. बी रुजू शकेल असे कोणतेही धान्य, ताजा कढीपत्ता, विड्याची पाने, फुलांचा गजरा, मध आणि घरच्या लोणच्यातील साल-बी हे सगळे संशयाच्या कक्षेत येते. खाद्यपदार्थ न नेणे उत्तम. न्यायचेच असेल तर कारखान्यात सीलबंद केलेले, घटक छापलेले पाकीट न्यावे आणि प्रवेशपत्रावर ‘होय, माझ्याकडे खाद्यपदार्थ आहेत’ असे लिहावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली किंवा विसरलेली वस्तू सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो, आणि ऑस्ट्रेलियात त्याहून मोठा दंड किंवा व्हिसा रद्द होण्याची वेळ येऊ शकते. विमानात मिळालेले सफरचंद पिशवीत ठेवणे एवढेही त्याला पुरते.

हाच नियम बुटांना लागू आहे. येऊर किंवा माहुलीच्या मातीने भरलेले ट्रेकचे बूट न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यापुढे ठेवू नयेत. तळव्याच्या खाचांतील माती दात घासण्याच्या जुन्या ब्रशने काढून, बूट धुऊन व वाळवून न्यावेत आणि तेही जाहीर करावेत. तंबू आणि चालण्याच्या काठ्यांनाही हेच लागू.

औषधांबाबत दोन्ही देशांत साधारण तीन महिन्यांचा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेता येतो, म्हणून मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी प्रवास मध्ये एकदा पुरवठा करता येईल अशा बेताने आखावा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव इंग्रजीत लिहून घ्यावे, कारण आपल्या ब्रँडची नावे बाहेर कोणाला कळत नाहीत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या यांवर या भागातील अनेक देशांत निर्बंध आहेत. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि गरजेनुसार रेबीजच्या लशींविषयी विचारावे. डेंग्यूपासून बचाव मुख्यतः डासांना दूर ठेवून होतो, हे ठाणेकरांना सांगण्याची गरज नाही.

शाकाहारी प्रवाशांचे हाल होतात हा समज अर्धाच खरा आहे. थायलंडमध्ये पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल थाई अक्षर असलेल्या पाटीच्या दुकानात मांस, मासे व माशांचा रस यांपैकी काहीही नसते. व्हिएतनाममध्ये बौद्ध शाकाहारी खाणावळी जवळपास प्रत्येक गावात आहेत. अडचण येते ती नकळत पडणाऱ्या माशांच्या रसाची आणि इंडोनेशियातील कोळंबीच्या चटणीची, म्हणून ‘भाजी’ एवढेच न सांगता ‘मासे नको, कोळंबी नको’ असे त्या भाषेत लिहिलेला कागद जवळ ठेवावा.

स्कूटर आणि विमा

या दोन गोष्टी एकत्र घेण्याचे कारण असे की आग्नेय आशियात भाड्याच्या स्कूटरवरून पडणे हा पर्यटकांचा नेहमीचा अपघात आहे, आणि त्याच प्रसंगी विमा नाकारला जातो. ठाणे किंवा वाशीच्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय चालक परवाना एक वर्ष चालतो. तो रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिला जातो. थायलंड व जपान तो मानतात. व्हिएतनाम १९६८ च्या करारातील असल्यामुळे तेथे आपला परवाना वैध ठरत नाही. भाड्याने देणारा दुकानदार परवाना विचारत नाही, विमा कंपनी मात्र विचारते. तसेच मूळ परवान्यावर फक्त मोटारगाडी असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यानेही दुचाकीची मुभा मिळत नाही. थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात उजवीकडून.

विमा घेताना वर्षभराची ‘अनेक सहलींची’ पॉलिसी स्वस्त दिसते, पण तिच्यात एका सहलीच्या दिवसांवर मर्यादा असते आणि सात महिन्यांचा प्रवास त्या मर्यादेत बसत नाही. सलग तेवढ्या दिवसांची पॉलिसी घ्यावी, त्यात दुचाकी, समुद्रात बुडी मारणे आणि गिर्यारोहण यांविषयीची कलमे वाचावीत आणि आधीपासूनचे आजार लपवू नयेत. न्यूझीलंडमध्ये अपघातात जखमी झालेल्या पर्यटकाच्या उपचारांना तेथील सरकारी योजना हातभार लावते, पण आजारपणाला ती लागू नाही.

पैसा, मोबाइल आणि मागे राहिलेले घर

दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे घ्यावीत आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. थायलंडमधील एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाहटहून अधिक शुल्क घेते, म्हणून तेथे थोडे-थोडे न काढता एकदाच मोठी रक्कम काढावी. यंत्राने ‘रुपयांत आकारू का’ असे विचारल्यास नाही म्हणून स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा तो दर नेहमी महाग असतो. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला सामान्यतः ३,००० अमेरिकी डॉलर इतक्याच नेता येतात, उर्वरित रक्कम कार्डावर ठेवावी. भारतातून बाहेर पाठवलेल्या किंवा फॉरेक्स कार्डावर भरलेल्या रकमा एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपुढे गेल्या की वरच्या भागावर एप्रिल २०२५ पासून २० टक्के कर आगाऊ घेतला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण पैसे अडकतात. नोव्हेंबर ते जून असा प्रवास दोन आर्थिक वर्षांत विभागला जात असल्यामुळे कार्ड ३१ मार्चपूर्वी एकदा आणि नंतर एकदा भरल्यास ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही.

आपला भारतीय मोबाइल क्रमांक सात महिने जिवंत ठेवणे हे पैशांइतकेच महत्त्वाचे, कारण बँकेचा प्रत्येक ओटीपी त्यावरच येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून, डेटा बंद ठेवून ते सिम फोनमध्ये राहू द्यावे आणि इंटरनेटसाठी त्या-त्या देशाचे ई-सिम घ्यावे. रिचार्ज संपण्याची तारीख घरातील एखाद्या व्यक्तीकडे लिहून ठेवावी.

निवृत्तिवेतनधारकांनी निघण्याची तारीख ठरवताना नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला विसरू नये. तो मोबाइलवरून चेहरा पडताळूनही देता येतो, तरी तो देऊन त्याची पावती हाती आल्यावरच विमानात बसावे. सोसायटीचा मासिक आकार, मालमत्ता कर आणि महावितरणचे बिल यांसाठी खात्यातून आपोआप भरणा होईल अशी सोय करावी, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवावा, पाण्याचा मुख्य नळ बंद करावा आणि किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. घर त्या काळापुरते भाड्याने देण्याचा मोह अनेकांना होतो. अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा भाडेकरू, नोंदणीकृत करार, पोलीस पडताळणी आणि सोसायटीची परवानगी हे सारे करून हाती येणारी रक्कम पाहता, एकट्या फ्लॅटसाठी ते श्रम मला पटत नाहीत.

तिकिटे

पहिले तिकीट एकेरी काढावे आणि पुढील देशांची तिकिटे टप्प्याटप्प्याने घ्यावीत. मात्र अनेक देशांत प्रवेश देताना बाहेर पडण्याचे तिकीट दाखवावे लागते आणि ते तपासण्याचे काम विमान कंपनीचा कर्मचारी मुंबईतच करतो. त्यासाठी त्या देशातून निघणारे, रद्द करता येईल असे एखादे स्वस्त तिकीट आधी काढून ठेवावे. ते खरे आणि कंपनीच्या संकेतस्थळावर दिसणारे असावे. बनावट आरक्षणपत्रे विकणारे बरेच आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

उड्डाण कोणत्या विमानतळावरून आहे हेही तिकिटावर नीट वाचावे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुटू लागल्यामुळे आता ‘मुंबई’ या एका शब्दावर भागत नाही. सहार येथील विमानतळाची आद्याक्षरे बीओएम, तर नवी मुंबईची एनएमआय आहेत. जोडविमान असलेल्या तिकिटात पहिले विमान एका ठिकाणी उतरून दुसरे दुसरीकडून सुटत असेल तर मधल्या रस्त्यासाठी किमान चार तास धरावेत, आणि परतीचे उड्डाण जूनअखेर येत असेल तर तारीख बदलता येणारे तिकीट थोडे अधिक पैसे देऊन घ्यावे, कारण मुसळधार पावसाच्या दिवशी विमान वेळेवर उतरले तरी पूर्व द्रुतगती महामार्ग किंवा पाम बीच रस्ता वेळेवर मोकळा असेल याची हमी कोणतीही कंपनी देत नाही.